अर्ध्या वाटेवरून परतलेलं घंगाळ

राउशानच्या घरी एक घंगाळ आहे,
आकाशातून पडलेलं.
म्हणजे पडलं तेव्हा ते घंगाळ नव्हतं,
रॉकेटच्या पाठीचा पत्रा होता.
बापाने तो कझाक माळावरून
उंटामागे दोर बांधून ओढत आणला,
तीन दिवस ठोकला, कडा आत वळवल्या.
आईने सात वेळा राखेने घासला.
शहरातून कागद आला होता: हात लावू नका.
कागद चुलीत गेला.
उरल्या तुकड्याचं गोठ्याला दार झालं.

शनिवारी त्यात आंघोळ.
पाणी ओतलं की पत्रा हुंकारतो,
पोटातून, म्हाताऱ्या उंटासारखा.
"काय म्हणतंय ते?" धाकटा दाउरेन विचारतो.
"म्हणतंय, मला पुढे जायचं होतं."

कारण बापाने सांगितलंय,
रॉकेटचा हा भाग पोचत नाही कधी.
तो नुसता ढकलतो,
दुसऱ्याला वर लावून देतो,
मग सुटतो आणि खाली येतो
आपल्या माळावर, मेंढरांत.

हे राउशानला पटलेलं नाही.

म्हणून आज, आई घोड्या पिळून दमून निजल्यावर,
ती खिशात कुर्ताचे चार गोळे घालते,
वाळल्या दह्याचे, खारट, दगडासारखे.
गोधडी घेते.
दाउरेनला काखोटीला मारते
(न्यायचं नव्हतं, पण तो रडला असता)
आणि अंगणात दोघं घंगाळात बसतात.
उलटे आकडे दाउरेन मोजतो.
त्याला पाचपर्यंतच येतात,
त्यातला तीन तो विसरतो.
तरी घंगाळ उठतं.

गोठ्याचं दार खाली कुरकुरतं.
उंट बटाट्याएवढा होतो,
मग वाटाण्याएवढा,
मग उंट होता हे फक्त माहीत असतं.

वर ती पांढुरकी पक्ष्यांची वाट.
इथले लोक तिला तेच म्हणतात,
आणि खरंच, कडेला पिसं पडलेली.
दाउरेन एक उचलतो. नाकात घालतो. शिंकतो.

पुढे लोखंडी खुंटा, जागचा न हलणारा.
त्याला बांधलेले दोन घोडे,
एक पांढरा, एक निळसर करडा,
रात्रभर गोल गोल चरतात.
आणि सात चोर, दबा धरून.
"अजून चोरले नाहीत?" राउशान विचारते.
"गाठ सुटत नाही गं," थोरला चोर म्हणतो,
"हजार वर्षं नखं झिजवतोय."
ती त्यांना तीन गोळे देते. सात जणांत तीन.
भांडण लागतं, घोडे वाचतात.
मागून एकजण ओरडतो, "घंगाळ विकतेस का?"
"नाही. ते कामावर आहे."

मग वाट संपते.
मग पिसंही नाहीत.
इतकं गप्प, की दाउरेनचं पोट वाजलेलं
सगळ्या अंधाराला ऐकू जातं.

तिथे ते असतं.
पिंपाएवढं, एकटं, एक लाल दिवा
लुकलुकतोय, थांबतोय, लुकलुकतोय.
घंगाळ हळू होतं.
हुंकारत नाही. नुसतं जवळ जातं,
कडेला कड लावतं,
टण्.

कुणी काही बोलत नाही.
लुकलुक जरा घाईने होते, बस.
"त्याला थंडी वाजतेय," दाउरेन म्हणतो,
आणि राउशानला विचारायच्या आत
गोधडी देऊन टाकतो.

सकाळी आई ओरडते, दव पडलेल्या घंगाळात
दोन मुलं कुडकुडत, एकमेकांत गुंतलेली.
"गोधडी कुठाय?"
दाउरेन वर बोट दाखवतो.
आई छपरावर बघते, मग परसात, मग कुत्र्यावर संशय घेते.

शनिवारी पाणी ओतलं.
घंगाळ गप्प.
राउशानने कान लावला, ठोकून पाहिलं,
नुसता पत्र्याचा आवाज आला, पत्र्यासारखा.
"आता काय म्हणतंय?"
"काही नाही. साबण दे."

तिला थोडं रडू आलं, ते साबणात खपलं.

रात्री वारा सुटला.
गोठ्याचं दार कुरकुरायला लागलं,
थांबेचना.
"राउशान," दाउरेन अंधारात कुजबुजला,
"राउशान, ते दार."
"झोप.
बिजागऱ्या काढाव्या लागतील आधी."